पळसाला दिलेलं आवतन

फाल्गुनात आमच्या प्रयोगशाळेला गोदामाची कळा येई. कारंजा घाडग्याकडच्या जंगलातून पळसाची फुलं पोती भरभरून यायची, आणि ती निवडणं, वाळवणं, उकळणं हे माझं काम होतं. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात नुकताच डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो होतो. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे शिपायाच्या वरची आणि प्राध्यापकांच्या खालची पायरी. येताजाता दोघंही तिच्यावर पाय ठेवत. फुलं चुरून चुरून माझी बोटं होळीच्या आधीच पिवळी होत आणि चैत्र संपेपर्यंत तशीच राहत.

पळसाचा नाद आमच्या रसायनाच्या प्राध्यापकांचा. फुलांत, सालींत, पानांत जी रंगद्रव्यं असतात त्यांतल्या एका मोठ्या कुळाला आज फ्लॅव्होनॉइड म्हणतात. आम्ही तेव्हा नुसतं ‘फ्लॅव्होन’ म्हणत असू. काही परदेशी पुस्तकांत ‘जीवनसत्त्व पी’ असाही उल्लेख असे, कारण लिंबू-संत्र्यांच्या सालीतल्या अशाच द्रव्यांनी बारीक रक्तवाहिन्या बळकट होतात, असं काही संशोधकांचं म्हणणं होतं. संत्री आमच्या भागातली आणि पळस तर शेतांच्या धुऱ्याधुऱ्यावर, बांधाबांधावर. त्यामुळे निसर्गाने हा विषय खास वर्धा जिल्ह्यासाठी राखून ठेवला आहे, असं प्राध्यापकांच्या मनाने घेतलं होतं.

फुलं स्पिरिटमध्ये उकळायची, गाळायची, आटवायची, मग ईथरमध्ये हलवायची. असं बरेच दिवस केल्यावर एखाद्या सकाळी बशीच्या तळाला नारिंगी-पिवळ्या स्फटिकांच्या सुया धरलेल्या दिसत. पोतंभर फुलांतून चिमूटभर सुया. पाहुणे आले की प्राध्यापक परीक्षानळीत फुलांचा अर्क घेऊन त्यात मॅग्नेशियमचा तुकडा टाकत आणि वरून आम्लाचे थेंब सोडत. नळीतलं पिवळं पाणी फेसाळून गुलाबी होई. त्या वेळी त्यांचा चेहरा जादूगाराचा असे आणि माझा जादूगाराच्या कबुतराचा.

माणूस मात्र वाईट नव्हता. रात्रंदिवस वाचणारा, मुलांना जीव तोडून शिकवणारा, खोट्या आकड्याला कधी हात न लावणारा. त्यांना एकच गोष्ट आवडत असे आणि ती आमच्या जिल्ह्यात मुबलक होती: सत्कार. त्या काळी आमच्याकडे साधेपणाचाही थाट असे. खादी कोणाची किती जाडी, यावरून माणसाची उंची ठरे. दोन माणसं एकत्र आली की एक अध्यक्ष होई आणि दुसरा आभार मानी. असल्या हवेत चांगल्या माणसाला हाराची सवय लागली, तर त्याला फार दोष देता येत नाही.

त्या वर्षी कॉलेजच्या प्रदर्शनात प्राध्यापकांचं व्याख्यान झालं. शेवटी ते म्हणाले की, वनस्पतींमधली ही रंगद्रव्यं शरीरात काय करतात याचा शोध जगभर चालू आहे, आणि पुढेमागे कदाचित कर्करोगासारख्या व्याधीवरही त्यांचा उपयोग होऊ शकेल. मी समोरच बसलो होतो. ‘कदाचित’ हा शब्द त्यांनी स्वच्छ उच्चारला होता. आमच्या गावच्या साप्ताहिकाचा संपादकही समोरच बसला होता, पण जागेची टंचाई त्याला नेहमीच असे. पुढच्या अंकात मथळा आला: ‘वर्ध्याच्या पळसात कर्करोगाचं औषध! स्थानिक प्राध्यापकांचा शोध.’

आठवड्याभरात शाल, श्रीफळ आणि मानपत्र झालं. मानपत्रात त्यांना धन्वंतरी म्हटलं होतं. प्राध्यापकांनी मान खाली घालून ते ऐकलं. नंतर मी म्हटलं, “सर, साप्ताहिकात एक खुलासा द्यायला हवा.”

“देऊ, देऊ,” ते म्हणाले. “पण लोक इतक्या आपुलकीनं करताहेत. आणि पळसाचं पाणी प्याल्यानं कोणाचं वाईट तर होत नाही ना?”

पळसाच्या पाण्याने खरंच कोणाचं वाईट होत नाही. आमच्याकडे धुळवडीला सगळी पोरं त्याच पाण्याने न्हातात.

माझं घर वर्ध्याजवळ आंजीला. थोरला भाऊ, म्हणजे दादा, शेती पाहायचा. आईबाप लवकर गेल्यामुळे दादाने आणि वहिनीनेच मला वाढवलं होतं. वहिनी कारंज्याकडची, जंगलाच्या कडेच्या गावातली. तिला अक्षरओळख नव्हती, आणि कोणाची भीडही नव्हती. मी पदवी घेऊन घरी आलो तेव्हा तिने दृष्ट काढली आणि विचारलं, “भाऊजी, आता तुमाले सारंच समजते, तर मंग मले सांगा, आपली लाल गाय दूध काऊन देत नाई?” माझ्या विद्येची परीक्षा तिने त्या दिवशी घेतली आणि निकाल आजतागायत राखून ठेवला.

व्याख्यानानंतर तीन-चार आठवड्यांनी, एका रविवारी, मी सायकलने घरी गेलो. दादा ओसरीवरच होता.

“लहान्या, तुह्या सरचं नाव छापून आलं बे! सारा पेपर मी चावडीवर वाचून दाखवला.” मी नोकरीला लागलो तरी दादाच्या लेखी लहान्याच होतो. साप्ताहिकाचं ते पान त्याने भिंतीतल्या देवळीत, देवांच्या शेजारी उभं करून ठेवलं होतं.

जेवायला बसलो. ताटात वांग्याची भाजी होती, पण वांगी चिरलेली नव्हती. हाताने फोडलेली, वेडीवाकडी. देठही तसेच. दादा कुरकुरला, “पाह्य. कितीक दिवस झाले, असंच चालू हाय. विळीले हात लावत नाई. कांदा बुक्कीनं फोडते. घरात मानसं हायेत का माकडं?”

“माकडायले तरी चव समजते,” वहिनी चुलीपासून म्हणाली.

भाकर वाढायला ती वाकली तेव्हा मला तिच्या चोळीच्या बाहीवर आणि पदराच्या काठावर पिवळा डाग दिसला. तो पिवळा मी ओळखत होतो. माझ्या दहाही बोटांवर तोच होता. मी पाहतोय हे तिने पाहिलं.

“तुमचे हात पिवळे, माही चोळी पिवळी,” ती हसून म्हणाली. “लोकायले वाटन, दीर-भावजय आतापासूनच होळी खेळून राह्यले.”

मी हसलो नाही. “वहिनी, फुलं कायले बांधता?”

दादाने ताटात नजर घातली. वहिनीने भाकरीचं दुरडं खाली ठेवलं आणि उजवा हात जरा अंगाशी धरून बसली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की, आल्यापासून तिने त्या हाताने काही उचललेलं नव्हतं.

“काखेपाशी गाठ हाय,” ती म्हणाली. “काखेपाशी म्हंजे… समजून घ्या. दिवाळीत बोराएवढी होती. आता लिंबाएवढी हाय. दुखत नाई. दुखली असती तं मी आधीच वरडली असती.”

मी वैद्यकी शिकलो नव्हतो, पण न दुखणारी, वाढणारी गाठ म्हणजे काय असू शकतं, इतपत वाचलेलं होतं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जाऊया, मी म्हटलं. तिथे डॉक्टरीणबाई आहेत. पुरुषासमोर दाखवावं लागणार नाही. उद्याच जाऊ.

“नाई जमत,” वहिनी म्हणाली. “मी पळसाले आवतन देल्लं हाय.”

आवतन म्हणजे आमंत्रण, हे आमच्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही. पण झाडाला आवतन देण्याची रीत तिच्या माहेरची, जंगलकडची. औषधासाठी झाडाचं काही घ्यायचं तर असंच जाऊन ओरबाडायचं नाही. आदल्या सांजी जायचं, बुंध्याला हळदकुंकू लावायचं, तांदूळ वाहायचे आणि म्हणायचं, उद्या सकाळी तुला न्यायला येते, माझ्या घरी चल. सकाळी उठून कोणाशी न बोलता जायचं आणि हातानेच तोडून आणायचं. लोखंड लावायचं नाही. आणि तो पाहुणा घरी काम करतोय तोवर आजारी माणसाने लोखंडाला शिवायचं नाही, त्याच्या अंगालाही लोखंड लागू द्यायचं नाही. वांगी हाताने का फोडली जात होती, ते आता कळलं. दादालाही तेव्हाच कळलं. तो म्हणाला, “मले सांगतलं असतं तं मी चिरून नसतो का देल्ले?”

“तुमी? तुमी चिरले असते तं बोटं शिजवा लागले असते.”

“वहिनी,” मी म्हटलं, “पळस राहू द्या. दवाखान्यात नुसतं दाखवून तर येऊ.”

“एका पाटावर दोन पाहुने बसवते का कोनी? अन् डाक्टर नुसतं पाह्यते का? ते सुरीच चालवते. आवतन देऊन आनलेल्याले मधातूनच उठवलं तं तो रागानं जाईन. जाताना काय घेऊन जाईन, मालूम हाय का? माह्या मावशीनं असंच केलतं. गेली ते.”

“पेपरात काही येवो, सरांनी कोणाचा रोग बरा केला नाई, वहिनी. मी रोज त्यांच्याजवळ असतो.”

“मंग पेपरात खोटं छापते का?”

या प्रश्नाला वाचन असलेल्या माणसापाशी पुष्कळ उत्तरं असतात, पण चुलीपाशी त्यातलं एकही चालत नाही. शिवाय ते पान देवळीत होतं, देवांच्या ओळीत. तिच्या माहेरचा पळस आणि माझ्या कॉलेजातला पळस एकच बोलत होते. अशी दोन माणसं एका मताची झाली की तिसऱ्याने काय बोलावं?

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत प्राध्यापक बशीतल्या सुया भिंगातून पाहत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. वांग्यांचंही सांगितलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“मी ‘कदाचित’ म्हटलं होतं,” ते म्हणाले.

“हो, सर. पण ते आंजीपर्यंत पोचलं नाही.”

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग म्हणाले, “माझं नाव घेऊन सांगा त्यांना. म्हणावं, प्राध्यापकांनी निरोप दिलाय की दवाखान्यात जा.”

“माझ्या तोंडून त्यांना ते खोटं वाटेल.”

“पण मी डॉक्टर नव्हे हो.”

“तेच तर सांगायला यायचंय, सर.”

येत्या रविवारपर्यंतही त्यांनी वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि आम्ही दोघं दुपारच्या मोटारीने निघालो. त्यांनी नेहमीचा लांब कोट घातला नव्हता. साध्या सदऱ्यात ते मला प्रथमच दिसले, आणि खरं सांगायचं तर जरा लहान दिसले.

मी एक चूक केली होती. येत असल्याचा निरोप दादाला आधी धाडला होता. दादाने तो मालगुजारांना, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदारांना, सांगितला. मालगुजारी सरकारने खालसा करून काही वर्षं झाली होती, पण मालगुजारांची खुर्ची कोणी खालसा केली नव्हती. आम्ही मोटारीतून उतरलो तर चावडीसमोर सतरंजी, वर दोन खुर्च्या, आणि सारा गाव. हारसुद्धा पळसाच्या फुलांचा. मालगुजारांनी भाषण केलं. त्यात ऋषिमुनी आले, आयुर्वेद आला, आमच्या गावची माती आली, आणि आंजीचा मीही ओझरता आलो. प्राध्यापक त्या केशरी हारात मान घालून बसले होते. सत्कारात एवढा अवघडलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मग ते बोलायला उभे राहिले. त्यांनी हार काढून खुर्चीवर ठेवला.

“मंडळी,” ते म्हणाले, “मी पळसाच्या फुलातून एक रंग काढला आहे. त्यानं कर्करोग बरा होतो का, हे मला ठाऊक नाही. मी एकाही माणसाला बरं केलेलं नाही. एखाद्या उंदरालाही नाही. काचेच्या नळीत तो रंग गुलाबी होतो, एवढंच मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. कोणाच्या घरी असा रोगी असेल तर कृपा करून फुलांवर थांबू नका. दवाखान्यात न्या.”

मग मालगुजारांनी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्या गावाने. माझ्यामागे एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, “पाह्य, केवढा मोठा मानूस! अन् म्हनते, मले काई समजत नाई!” आमच्या जिल्ह्याने थोरांच्या तोंडून नम्रतेची इतकी वाक्यं ऐकली होती की, नम्रता आणि खरं बोलणं यांतला फरक गावाला उरला नव्हता. प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. बुडणारा माणूस हात वर करतो आणि काठावरचे लोक त्याला रामराम घालतात, तसं झालं होतं.

सुदैवाने ज्या बाईसाठी हे चाललं होतं ती चावडीवर नव्हती. बायका सत्काराला येत नसत. वहिनी घरीच होती.

प्राध्यापकांना दादाने ओसरीवर खाटेवर बसवलं. वहिनी दाराच्या चौकटीआड उभी राहिली, पदर घेऊन. प्राध्यापकांनी चहाची कपबशी घेतली, पण प्यायले नाहीत. चावडीवर जे म्हणाले तेच त्यांनी दाराकडे पाहून पुन्हा म्हटलं. फक्त आता ते भाषण नव्हतं.

आतून आवाज आला. “तुमी पेपरात देल्लं, ते काऊन देल्लं मंग?”

“मी दिलं नाही. त्यांनी छापलं. पण छापलेलं मला आवडलं, म्हणून मी गप्प बसलो.”

हे वाक्य बोलायला त्यांना फार कष्ट पडले. दादा जमिनीकडे पाहत होता. वहिनी थोडी पुढे आली. तिचा चेहरा आता दिसत होता.

“तुमच्या घरच्या बाईले अशी गाठ असती तं?”

“तर मी इथे चहा पीत बसलो नसतो. आज नागपुरात असतो.”

“फुलं नसते बांधले?”

“नाही.”

वहिनी चौकटीला टेकून खाली बसली. “मले वाटतच होतं,” ती हळू म्हणाली. “आठ-पंधरा रोजात उतराले पायजे होती. वाढतच गेली. पन तुमी एवढे शिकलेले मानसं म्हनता, तं मी म्हनलं, माहीच गाठ हट्टी असन.” मग एकदम आवाज चढला. “पन आता मी काय करू? त्याले आनून बसवलं हाय ना घरात! त्याच्यासमोर सुरीखाली जाऊ?”

मला वाटलं, आता सर अंधश्रद्धेवर दोन शब्द बोलणार आणि झालेलं सगळं विस्कटणार. मी घसा खाकरला. पण प्राध्यापक खाटेवरून उठून ओसरीच्या पायरीवर, तिच्यासमोर थोड्या अंतरावर बसले आणि त्यांनी विचारलं, “तुमच्या माहेरी, आवतन दिलेल्या झाडाला निरोप कसा देतात?”

“काम झालं का तो आपोआप जाते.”

“आणि काम झालं नाही तर?”

वहिनी विचारात पडली. हा प्रश्न बहुधा तिच्या माहेरी कोणी कधी विचारला नव्हता. दादा मध्येच म्हणाला, “काम झालं नाई म्हनून पाहुन्याले कोनी हाकलते का? लगनातले पाहुने काय काम करते? खाते अन् बसते. तरी त्यायले शिदोरी देऊन धाडतोच ना आपन?”

दादा आयुष्यात फार वेळा शहाणपणाचं बोलला, असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी मात्र बोलला. वहिनी त्याच्याकडे पाहतच राहिली.

“शिदोरी,” ती म्हणाली. “हाव. रिकाम्या हातानं नाई धाडलं तं कायले रागावन?”

मग तिला घाई झाली. तिने भाकर केली, वर पिठलं घातलं, मिरचीचा ठेचा ठेवला आणि ते सगळं धुवट फडक्यात बांधलं. घरात उरलेली फुलं सुपात घेतली. ऊन कलल्यावर आम्ही चौघं आमच्या शेताच्या धुऱ्याकडे निघालो. पुढे वहिनी, मग दादा, मग पाण्याचा तांब्या घेतलेले प्राध्यापक, शेवटी मी. रसायनशास्त्र विभागाची अशी मिरवणूक मी पुन्हा पाहिली नाही.

तिने आवतन दिलेला पळस निष्पर्ण होता, अंगभर फुललेला. वहिनीने बुंध्याशी फुलं ओतली, शिदोरी ठेवली, प्राध्यापकांच्या हातून तांब्या घेऊन पाणी घातलं. हात जोडले, आणि घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलली:

“लय केलं बाप्पा तू. तुह्याच्यानं नाई झालं तं नाई झालं, त्यात तुहा दोष नाई. आता घरी जा. पुढचं आमी पाह्यतो. राग नोको ठेवजो.”

परत आल्यावर तिने कोपऱ्यातली विळी ओढली, एक कांदा घेतला आणि कचाकचा चिरला. दादा डोळे पुसत होता. “कांद्यानं झालं,” तो म्हणाला. तो कांद्यापासून चार हात लांब बसला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्ध्याहून पॅसेंजरने नागपूरला गेलो. नागपूर तेव्हा आमच्या प्रांताची राजधानी होती आणि तिथला दवाखाना राजधानीला शोभेल इतका गर्दीचा होता. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, उलटसुलट चार प्रश्न विचारले आणि लगेच दाखल करून घेतलं. शस्त्रक्रियेच्या दिवशी प्राध्यापकही आले. आम्ही तिघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. दादाने सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गाठ काढली आहे, काखेतल्या बारीक गाठीही काढल्या आहेत, त्या म्हणाल्या. आणखी उन्हाळाभर थांबला असतात तर मी हात लावला नसता. पुढचं आताच सांगता येत नाही. हे ऐकून आम्ही तिघंही उभे राहिलो आणि पुढे काय करायचं ते न सुचून परत बसलो.

प्राध्यापकांना राहवलं नाही. पळसाच्या रंगात, झाडांच्या असल्या द्रव्यांत, या रोगाविरुद्ध काही असू शकेल का, असं त्यांनी बाईंना विचारलं. विचारताना ते विद्यार्थ्यासारखे उभे होते.

“असेल,” बाई म्हणाल्या. “पण बशीत एखादी गोष्ट मारणं वेगळं आणि बाईला जगवून तिच्या अंगातली तीच गोष्ट मारणं वेगळं. मधे फार मोठा रस्ता आहे. तुम्ही चाला त्या रस्त्यानं. तोवर माझ्याकडे माणसं वेळेवर पाठवा.”

ते त्या रस्त्याने चालले. निवृत्तीपर्यंत फुलं उकळत राहिले, सुया जमवत राहिले, आणि कर्करोगाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी साप्ताहिकाला खुलासाही पाठवला. तो केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली छापून आला. मथळा होता, ‘संशोधकाचा विनय’. आज पळसातल्या, संत्र्यातल्या, कांद्यातल्या आणि चहातल्या त्याच कुळातल्या द्रव्यांची नावं पुन्हा वर्तमानपत्रांत येतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींना ती आवर घालतात, असं पुष्कळ ठिकाणी दिसलं आहे. पण माणसाने खाल्ली की आतडी आणि यकृत त्यांचं रूप पालटून टाकतात, आणि रक्तात पोचतात ती फार थोडी. भाजीफळं खावीत, हे खरंच. त्यांनी गाठ विरघळते, हे अजून कोणी दाखवलेलं नाही. रस्ता थोडा सरला आहे, संपलेला नाही. पुढच्या काळात अशी बातमी आली की वहिनी मला ती वाचायला लावायची, पूर्ण ऐकून घ्यायची आणि विचारायची, “भाऊजी, यात ते ‘कदाचित’ कुठं हाय? आधी ते दाखवा.” काखेतल्या गाठी काढल्यामुळे तिचा उजवा हात पुढे जन्मभर सुजका राहिला. पण जन्म बराच लांबला.

त्या दुपारी मात्र यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. वहिनीला वॉर्डात आणून ठेवलं होतं. छातीवरून खांद्यापर्यंत पट्ट्या, चेहरा पांढरा पडलेला. संध्याकाळच्या सुमाराला तिने डोळे उघडले. दादा खाटेशेजारी स्टुलावर बसला होता.

“काय म्हनली डाक्टरीन?”

“निघाली म्हनते. सारी.”

“मंग तोंड असं काऊन केलं?”

“कसं केलं?”

“पानी द्या.”

नर्सने सांगितलं होतं की पाणी पाजायचं नाही, नुसते ओठ ओले करायचे. तिने दादाच्या हातात कापसाचा बोळा आणि वाटी दिली. आमच्या घरात वाटी बायकोने पुढे करायची आणि नवऱ्याने घ्यायची, एवढंच आजवर झालेलं होतं. वॉर्डातल्या साऱ्या बाया पाहत होत्या. पलीकडच्या खाटेवरची एक म्हातारी फिसकन हसली आणि म्हणाली, “अवं माय, पाह्य वं, बुढा बायकोले पानी पाजून राह्यला!”

दादा कानापर्यंत लाल झाला. त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कापूस वाटीत बुडवला, जड हाताने पिळला आणि वहिनीच्या ओठांवर टेकवला. थोडं पाणी हनुवटीवरून गळ्याकडे ओघळलं. ते त्याने धोतराच्या सोग्याने टिपलं आणि कापूस पुन्हा वाटीत बुडवला.